दोन औषधे एकत्र द्यावीत की नाही, हे ठरते कसे?

अक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘एएमएल’, हा रक्ताचा कर्करोग उतारवयात जास्त गाठतो. तरुण रुग्णाला सात दिवस सलग सायटॅराबिन आणि त्यातले तीन दिवस जोडीला दुसरे औषध, अशी जबर केमो देता येते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या किंवा हृदय, फुप्फुस अधू झालेल्या माणसाला ती झेपत नाही. अशांना बरीच वर्षे ॲझासायटिडीनसारखे सौम्य इंजेक्शन एकटेच दिले जाई. त्याने थोडे महिने मिळत, पण आजार क्वचितच पूर्ण आटोक्यात येई.

या इंजेक्शनला व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळीची जोड मिळाली, तो प्रवास सांगण्यासारखा आहे. नव्या जोड्या कशा तपासतात, हे त्यातून नीट कळते.

सुरुवात पेशीपासून करू. बिघडलेली पेशी स्वतःहून मरावी, अशी सोय शरीरात आहे. पण ल्युकेमियाच्या पेशी बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाचा आधार घेऊन तग धरतात. हे प्रथिन मरणाचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांना अडवून ठेवते. व्हेनेटोक्लॅक्स नेमके बीसीएल-२ ला जाऊन चिकटते आणि अडकलेली प्रथिने मोकळी होतात. तरीही हे औषध एकटेच देऊन पाहिले तेव्हा ३२ रुग्णांपैकी जेमतेम एक पंचमांशांना गुण आला. कारण पेशीकडे एमसीएल-१ नावाचा दुसरा आधारही असतो. ॲझासायटिडीन हा दुसरा आधार कमकुवत करते, असे प्रयोगशाळेत दिसले होते. जोडी सुचली ती इथून.

पण प्रयोगशाळेत जुळणारी जोडी माणसाला सोसेलच असे नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात प्रश्न एवढाच होता : किती मात्रा झेपते? १४५ वयस्क रुग्णांना ॲझासायटिडीन किंवा त्याच जातीचे डेसिटाबिन, आणि सोबत व्हेनेटोक्लॅक्स कमी-अधिक मात्रेत दिले गेले. मोठ्या मात्रेने पोटाचा त्रास वाढला. पुढच्या कामासाठी रोजची ४०० मिलिग्रॅम मात्रा ठरली.

ही मात्राही पहिल्या दिवशी देत नाहीत. रुग्णाला दाखल करून घेतात. पांढऱ्या पेशी २५,००० च्या वर असतील तर आधी त्या खाली आणतात. सलाईन लावतात, युरिक ॲसिड वाढू नये म्हणून गोळी सुरू करतात. मग पहिल्या दिवशी १०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी २००, तिसऱ्या दिवशी ४००. असंख्य पेशी एकदम फुटल्या तर त्यांतले पोटॅशियम आणि फॉस्फरस रक्तात उतरते. मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही धोक्यात येतात. म्हणून या दिवसांत पुन्हा पुन्हा रक्त काढून तपासतात. बुरशीच्या संसर्गावरचे पोसॅकोनॅझोल चालू असेल तर व्हेनेटोक्लॅक्स शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि ४०० ऐवजी ७० मिलिग्रॅमच द्यावे लागते. नातेवाईकांनी घरून आणलेल्या प्रत्येक गोळीची चौकशी डॉक्टर का करतात, ते इथे लक्षात येईल.

उपचाराचे पहिले चक्र संपत आले की बोन मॅरो तपासतात. ब्लास्ट, म्हणजे अपक्व कर्करोगी पेशी, पाच टक्क्यांच्या खाली गेल्या असतील तर गोळी काही दिवस थांबवून चांगल्या पेशींना वर यायला वेळ देतात. रुग्णाला हा खंड म्हणजे उपचार सुटल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात तो उपचाराचाच भाग आहे.

पहिल्या टप्प्यातले आकडे उमेद वाढवणारे होते, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तातडीची मान्यताही दिली. पण तुलनेला दुसरा गट नव्हता. बरे झालेले रुग्ण मुळातच धडधाकट असतील तर? हा प्रश्न सोडवला ‘व्हिआले-ए’ या चाचणीने. ४३१ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. सर्वांना ॲझासायटिडीन मिळाले, म्हणजे त्या वेळचा रूढ उपचार कोणाचाही हुकला नाही. २८६ जणांना सोबत व्हेनेटोक्लॅक्स, १४५ जणांना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी. कोणाला काय मिळतेय, हे रुग्णाला माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते.

निकाल २०२० मध्ये छापून आला. निम्मे रुग्ण जिवंत असण्याचा काळ जोडीच्या गटात १४.७ महिने, तर एकट्या ॲझासायटिडीनच्या गटात ९.६ महिने. आजार आटोक्यात आलेले ६६ टक्के, समोरच्या गटात २८ टक्के. किंमतही मोजावी लागली : पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप येण्याचे प्रमाण १९ वरून ४२ टक्क्यांवर गेले. पाच महिने हा आकडा निरोगी माणसाला लहान वाटेल. ज्या घरात आजोबा आजारी आहेत, तिथे तो मोठा असतो.

हेच व्हेनेटोक्लॅक्स कमी मात्रेच्या सायटॅराबिनसोबत तपासले, तेव्हा ठरलेल्या वेळी केलेल्या मुख्य विश्लेषणात आयुष्य वाढल्याचे खात्रीने सिद्ध झाले नाही. पुढे यशस्वी जोडीत मॅग्रोलिमॅब हे तिसरे औषध घालून मोठी चाचणी सुरू झाली. सुरुवातीच्या अभ्यासांमुळे तिच्याकडून मोठ्या आशा होत्या. २०२४ मध्ये ती थांबवावी लागली : फायदा दिसला नाही, उलट मृत्यू वाढले, मुख्यतः संसर्ग आणि श्वसन बंद पडल्यामुळे. तुलनेचा गट नसता तर ते मृत्यू आजाराच्या खात्यावर गेले असते. म्हणून चिठ्ठीने वाटप करणाऱ्या चाचणीला मी कोरडी कागदी औपचारिकता मानत नाही. रुग्णाचे रक्षण तीच करते.

भारतात अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. तुमच्या घरातल्या रुग्णाला सहभागाबद्दल विचारले, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या : चाचणी कोणत्या टप्प्यातली आहे, दुसऱ्या गटाला कोणता उपचार मिळणार आहे, आणि मधेच बाहेर पडलो तर पुढचे उपचार कुठे होतील. बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला कधीही आहे.