केबल कुठे जाते?

सकाळी ६.३०

पावसाळा सरत आला की खानदेशात सकाळचा गारवा जेमतेम दोन तास टिकतो, आणि तेवढ्यात आमच्या धावपट्टीवर दिवसाच्या निम्म्या सॉर्टी उरकायच्या असतात. शिकाऊ वैमानिकांची सेसना १७२ विमानं एप्रनवर ओळीनं उभी आहेत. मी एव्हिऑनिक्सची इंजिनिअर, बी-टू लायसन्सवाली. इंजिन आणि पत्रा दुसऱ्यांकडे. रेडिओ, तारा, उपकरणं माझ्याकडे. इन्स्ट्रक्टर यायच्या आत टेक लॉगमधले कालचे स्नॅग, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, वाचायच्या आणि विमानांभोवती एक फेरी मारायची. बरोबर नवा ॲप्रेंटिस असतो.

त्याला मी आधी अँटेना नसलेल्या वस्तू ओळखायला लावते. डाव्या पंखाखालची पुढं वळलेली नळी पिटो, ती वेग मोजते. स्ट्रटच्या मागं लोंबणारी बारीक नळी इंधनटाकीचा व्हेंट. समोरच्या काचेजवळून बाहेर डोकावणारी दांडी बाहेरचं तापमान मोजणारी. पंखांच्या मागच्या कडेला झुलणाऱ्या काड्या म्हणजे स्टॅटिक विक्स. हवेच्या घर्षणानं अंगावर साठलेला विद्युतभार त्या सोडून देतात, नाहीतर रेडिओत खरखर सुरू होते. या काड्यांना नवी मुलं हमखास अँटेना म्हणतात. हाही म्हणाला.

सकाळी ८.००

पहिली तुकडी उडाली आणि आम्ही हँगरमध्ये आलो. आत एका उद्योजकाचं खाजगी सेसना १८२ वार्षिक तपासणीला आलंय. बऱ्याच हातांतून गेलेलं विमान. कॉकपिटमधली उपकरणं प्रत्येक मालकानं आपापल्या काळाप्रमाणे काढली-बसवली, पण छपरावरचे आणि पोटाखालचे अँटेना मात्र साठत गेले. कामाच्या कागदावर माझ्या वाट्याला दोन ओळी: ‘ट्रान्सपॉंडर मधूनमधून रडारवर दिसत नाही’ आणि ‘डीएमई पूर्वीच काढलेला आहे, अँटेना काढून भोक बंद करणे’.

दुसरी ओळ वाचायला सोपी आहे. अडचण अशी, की डीएमई, म्हणजे जमिनीवरच्या केंद्रापर्यंतचं अंतर मोजणारं उपकरण, आणि रडारला उत्तर देणारा ट्रान्सपॉंडर या दोघांचे अँटेना दिसायला एकसारखे असतात, आणि या विमानाच्या पोटाखाली तसे दोन आहेत. चुकीचा काढला तर हे विमान रडारला मुकं होऊन उडेल.

आप्पांनी शिडी लावली. आप्पा आमचे सर्वांत जुने हेल्पर. विमानावर हात कुठे टेकवायचा आणि कुठे नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. “ताई, वरून सुरुवात करा, ऊन पत्र्यावर यायच्या आत,” ते म्हणाले. तशीच करते.

ॲप्रेंटिसनं वहीत सगळ्या अँटेनांची चित्रं काढून पाठ केली होती. पाठांतर वाईट नाही, पण कंपनीगणिक आकार बदलतात. मी त्याला तीन प्रश्न विचारायला सांगते. लहर किती लांब? ती उभी कंप पावते की आडवी? आणि या अँटेनाला बघायचंय कुठे, वर, खाली की चहूकडे? या तीन उत्तरांतून आकार आणि जागा बहुतेक वेळा आपोआप निघते.

छपरावर पंखांच्या मुळाशी दोन तिरप्या काड्या आहेत. बोलण्याचा व्हीएचएफ रेडिओ साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. ७५ ला मेगाहर्ट्झनं भागलं की पाव लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १२५ घेतले तर ०.६ मीटर, म्हणजे ६० सेंटिमीटर. त्यानं टेप लावली आणि आकडा जवळपास तोच निघाल्यावर त्याचा चेहरा खुलला. बोलण्याच्या लहरी उभ्या कंप पावतात, म्हणून काडीही उभ्याकडे झुकलेली. एक कॉम-वनची, दुसरी कॉम-टूची.

शेपटीच्या उभ्या पंखाच्या टोकावर दोन मिशा मागं फाकलेल्या आहेत, इंग्रजी व्हीसारख्या. त्या दिशा दाखवणाऱ्या व्हीओआर आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या लोकलायझरच्या. फ्रिक्वेन्सी १०८ ते ११८, बोलण्याच्या रेडिओला अगदी लागून, पण लहर आडवी. म्हणून मिशा आडव्या. शेजारच्याच पट्ट्यातले दोन अँटेना एक उभा आणि एक आडवा असण्याचं एवढंच कारण. याच मिशांवरून उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या ग्लाइडस्लोपचा ३२९ ते ३३५ मेगाहर्ट्झचा सिग्नलही उतरतो. आत एक छोटा स्प्लिटर तो वेगळा करतो.

छपराच्या मधोमध तळहाताएवढी चपटी चकती जीपीएसची. तिला फक्त आकाश बघायचंय. उपग्रह २०,००० किलोमीटरहून उंच, १५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा त्यांचा सिग्नल अतिशय क्षीण. आपल्या देशात ‘गगन’ या सुधारणा-प्रणालीचे उपग्रहही याच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणानं ती मिळून उभी केली आणि २०१५ मध्ये तिला उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी मान्यता मिळाली. जीपीएसची चकती कॉमच्या काडीपासून लांब का ठेवतात, याचा हिशेब मला फार आवडतो. १२१.१५ ला तेरानं गुणा: १५७४.९५. वैमानिकानं त्या फ्रिक्वेन्सीवर बोलायला बटण दाबलं आणि रेडिओतून तेरावी पट गळत असली, तर ती बरोबर जीपीएसच्या दारात जाऊन उभी राहते. नकाशावरचं विमान गायब होतं आणि वैमानिक बिचारा जीपीएस बदलून मागतो.

शेपटीच्या अलीकडे, छपराच्या मागच्या बाजूला आणखी एक काडी आहे. ती ईएलटीची, तिच्याकडे चार वाजता यायचंय.

शिडीवरून विमानाची पाठ बघितली की काळाचे थर दिसतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं, तेव्हा त्यांच्या पुस मॉथमध्ये रेडिओच नव्हता. खाली जमीन बघायची आणि होकायंत्र. त्यानंतर आलेल्या प्रत्येक सोयीनं पत्र्याला एकेक भोक मागितलं.

सकाळी ९.४५

आता पोटाखाली. क्रीपरवर आडवं व्हायचं, टॉर्च तोंडाशी धरायची. इथं तेलाचे ओघळ, धुराड्याची काजळी आणि चाकांनी उडवलेला चिखल, सगळं मागं वाहत आलेलं असतं. पुसल्याशिवाय काही ओळखू येत नाही, म्हणून आधी चिंधी आणि सॉल्व्हंट.

मागं होडीच्या आकाराची लांबट वस्तू आहे, तिला बोट अँटेनाच म्हणतात. मार्कर बीकनचा. ७५ मेगाहर्ट्झला पाव लहर पुरी एक मीटर होते, एवढी काडी पोटाखाली लटकवणं शक्य नाही. होडीत आखूड तार आणि वेटोळं घालून भागवतात, आणि ते चालतं, कारण मार्करचं प्रक्षेपण जमिनीवरून सरळ वर येतं आणि विमान नेमकं त्याच्या डोक्यावरून जातं. तिच्या अलीकडे चपटं, जाडसर घर एडीएफचं, म्हणजे जमिनीवरच्या एनडीबी केंद्राची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाचं. पूर्वी त्याच्यासाठी कॅबिनच्या छपरापासून शेपटीपर्यंत लांब तार ताणत. पुढं लूप आणि सेन्स हे दोन्ही अँटेना एकाच घरात आले. एनडीबी जगभर बंद होत चाललेत, हेही घर आता फार वर्षं राहणार नाही.

आणि मग त्या दोन. शार्क फिन. बोटाएवढ्या उंचीच्या, एक पुढं, एक मागं. ट्रान्सपॉंडरला जमिनीवरचं रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारतं, तो १०९० वर उत्तर देतो, तेही मायक्रोसेकंदाच्या आतल्या स्पंदांत, सुमारे २०० वॅटनी. डीएमई ९६० ते १२१५ च्या पट्ट्यात चालतो. म्हणजे लहर तीच, उभी तीच, बघायचंही दोघांना खालीच. माझ्या तिन्ही प्रश्नांना दोघांकडून सारखंच उत्तर मिळतं. १०९० ला पाव लहर सात सेंटिमीटरच्या आत, दोन्ही तेवढ्याच. कंपनीची पाटी एका फिनवर रंगाखाली गेलेली, दुसरीवर वाचता येते, पण तो पार्ट नंबर दोन्ही कामांसाठी मंजूर आहे.

जुन्या कागदांत हातानं काढलेला एक नकाशा सापडला. त्यात पुढची फिन डीएमई असं लिहिलंय. ॲप्रेंटिस म्हणाला, “मॅडम, मग पुढचीच काढायची ना?”

कागदावर विश्वास ठेवून अँटेना काढायचा नाही. केबल कुठे जाते ते बघायचं.

सकाळी ११.००

फरशीचा पॅनेल उघडला. आत दोन काळ्या कोॲक्स केबली एकाच जुडग्यात बांधलेल्या, वर लेसिंग कॉर्डच्या घट्ट गाठी. हातानं चाचपत माग काढता येईना. तेव्हा सरळ पद्धत: पुढच्या फिनचा बीएनसी कनेक्टर सोडवला आणि केबलच्या त्या टोकाला शॉर्टिंग कॅप लावली, म्हणजे मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना भिडली. ॲप्रेंटिस कॉकपिटमध्ये मीटर घेऊन बसला. रेडिओच्या रॅकमागं एक केबल नुसतीच बांधून ठेवलेली होती, टोकावर टेप गुंडाळलेली. तिच्यावर मीटर गप्प. मग ट्रान्सपॉंडर ट्रेमधून बाहेर काढून त्याच्या मागच्या कनेक्टरवर प्रोब टेकवले.

“वाजला!” आतून आवाज आला.

कॅप काढली, बीप बंद. लावली, पुन्हा सुरू. नकाशा चुकीचा होता. पुढची फिन ट्रान्सपॉंडरची आहे. मधे कधीतरी कुणीतरी दोन्हींची अदलाबदल केली आणि नोंद करायची राहिली. मागच्या फिनवरही हाच प्रयोग केला. तिची केबल त्या टेपच्या टोकाला निघाली. एकदा ‘हो’ मिळालं म्हणून थांबायचं नसतं, दुसरीकडून ‘नाही’ही मिळवावं लागतं.

आता ट्रान्सपॉंडर का हरवतो ते. पुढच्या फिनचे स्क्रू काढले. बुडाखाली रंगाचा गुळगुळीत थर, पांढराशुभ्र. कुठल्यातरी वर्कशॉपनं विमान रंगवताना अँटेना उतरवले, पत्रा पूर्ण रंगवला आणि वर पुन्हा बसवून टाकले. सुबक दिसतं, पण पाव लहरीचा अँटेना एकटा अँटेना नसतोच. पोटाचा पत्रा हा त्याचा दुसरा अर्धा भाग. दोघांमध्ये रंग आला की फक्त स्क्रूंच्या आट्यांवर विद्युतसंबंध उरतो, तोही थरथरीत आणि ओलाव्यात बदलत राहतो. बाँडिंग मीटरनं सकाळी मोजलं होतं: ४१ मिलीओम. ३ च्या आत हवं.

कनेक्टर टॉर्चखाली धरला. मधल्या पिनभोवती हिरवट गंजाचं कडं होतं आणि टेफ्लॉनवर पाण्याचा एक मणी, टाचणीच्या डोक्याएवढा. पावसाळ्यात सुकलेल्या गॅस्केटमधून आत आलेला. ॲप्रेंटिसला मी तो बराच वेळ बघू दिला. पुस्तकात ‘मधूनमधून बिघाड’ असं लिहिलेलं असतं. तो दिसायला असा असतो.

दुपारी १.००

आप्पांच्या डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, माझ्यात शेवभाजी. वाटून खाल्लं. बाहेर एप्रनवर उभं राहवत नाही.

दुपारी २.००

बुडाच्या मापाएवढाच रंग खरवडायचा, पत्रा उघडा करायचा, पण ओरखडा पाडायचा नाही. उघडं ॲल्युमिनियम तसंच ठेवलं तर गंजतं, आणि पुन्हा रंग दिला तर गेलं सगळं पाण्यात. म्हणून अलोडाइन लावायचं. सोनेरी झाक येते, गंज थांबतो, वीज जाते. नवं गॅस्केट, नवा कनेक्टर क्रिम्प केला. मीटर: १.८. मग अँटेना ॲनालायझर लावला. परत फिरणारी ऊर्जा मोजणारा एसडब्ल्यूआर १०९० ला १.४ आला, एकाच्या जितका जवळ तितका चांगला.

मग रॅम्प टेस्ट सेट विमानापासून काही मीटरवर ठेवून ट्रान्सपॉंडरला प्रश्न विचारले. उत्तरं आली, कोड बरोबर, उंचीची माहिती बरोबर. मागची फिन उतरवली. तिच्या भोकावर आतून मजबुतीची पट्टी, बाहेर झाकणपट्टी. ते काम पत्र्यावाल्यांचं, पण रिकामी केबल मात्र मी पूर्ण ओढून काढली. टोकाला टेप लावून सोडलेली केबल पुढच्या इंजिनिअरला फसवते, आज आम्हाला फसवणार होती तशी.

दुपारी ४.००

ईएलटी, म्हणजे अपघातात आपोआप चालू होणारा संकटसूचक. त्याची चाचणी तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत घ्यायची शिस्त आम्ही पाळतो. त्या वेळेत आलेला क्षणिक आवाज चाचणीचा समजला जातो. हातातला रेडिओ १२१.५ वर लावला, वरून खाली घसरणारे सूर ऐकले आणि लगेच बंद. उपग्रहांनी १२१.५ वर कान ठेवणं १ फेब्रुवारी २००९ पासून थांबवलंय. आता खरा संदेश ४०६ मेगाहर्ट्झवरून जातो, त्यात विमानाची ओळख असते, आणि भारतात तो बेंगळुरूच्या मिशन कंट्रोल सेंटरला पोचतो. ४०६ साठी सेल्फ-टेस्टच वापरायचा.

अँटेना शेपटीजवळ का? कारण आदळल्यावर विमानाचा तो भाग शाबूत राहण्याची शक्यता सर्वांत जास्त. इथं लहर, कंप, दिशा यांच्या आधी ही गोष्ट येते. काडी हलवून बघितली, बूड घट्ट. आतली केबल लोंबत नाही ना, तेही बघितलं. अपघातात ईएलटीची पेटी वाचते आणि केबल तुटते, मग पेटीचा संदेश शोधकांना ऐकूच जात नाही.

संध्याकाळी ५.१५

ॲप्रेंटिसनं नवा नकाशा काढला: वरून एक, खालून एक. प्रत्येक अँटेनासमोर उपकरण, केबल कुठून कुठे जाते, बाँडिंगचा आकडा, तारीख. जुना नकाशा आम्ही फाडला नाही, त्यावर ‘रद्द’ लिहून नव्याचा संदर्भ दिला. मी सगळं पुन्हा तपासून सही केली.

मालकांचा फोन आला. “मॅडम, ती दुसरी फिन राहू दिली असती तरी चाललं असतं. दिसायला भारी दिसायचं.” त्यांना सांगितलं, की न वापरलेला अँटेना म्हणजे पाणी आत यायला एक वाट आणि पुढच्या तपासणीत एक खोटा साक्षीदार. पटलं त्यांना. शुक्रवारी विमान न्यायला येतायत. वर गेल्यावर एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पूर्ण वळसा घ्या, दोन्ही वेळा रडारला विचारा दिसतोय का, आणि उत्तर काहीही आलं तरी टेक लॉगमध्ये लिहा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.