मंदीतील अल्पकालीन सौदे : नफ्याआधी तोटा ठरवा

जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांची पातळी ओलांडली होती. जुलैच्या मध्यास तो साडेबारा हजारांच्या आसपास आला आणि तेथून चार आठवड्यांत सुमारे तीन हजार अंशांनी उसळला. मंदी सरली, असे वाटावे अशीच ती उसळी होती. परंतु २७ ऑक्टोबर रोजी हाच निर्देशांक दिवसभरातील व्यवहारांत आठ हजारांच्याही खाली गेला. उतरत्या बाजारातील उसळी किती फसवी असते, याचे हे बोलके उदाहरण.

शेअर मंदीत आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रत्येक उसळीचे शिखर आधीच्या शिखराखाली राहते आणि प्रत्येक घसरणीचा तळ आधीच्या तळाखाली जातो. मधल्या उसळ्यांना पुष्कळदा नव्या खरेदीपेक्षा मंदीवाल्यांची परतखरेदीच कारणीभूत असते. त्यामुळे त्या वेगवान, पण अल्पजीवी ठरतात. अशा वेळी अल्पकालीन सौदे करणाऱ्याने तळ शोधत बसण्याऐवजी उसळीत विक्रीची संधी पाहावी.

समजा, एक शेअर ५०० रुपयांवरून ४३० पर्यंत घसरला, ४६५ पर्यंत सावरला, पुन्हा ४०५ पर्यंत उतरला आणि आता ४४० रुपयांवर अडखळला आहे. उसळीतील उलाढाल रोडावली असून भाव आदल्या दिवसाच्या नीचांकाखाली, ४३४ रुपयांवर आला, तर तेथे विक्री करता येईल. स्टॉपलॉस ४४२ रुपयांना ठेवावा आणि लक्ष्य ४१८ रुपयांचे असावे. म्हणजे आठ रुपयांच्या जोखमीपोटी सोळा रुपयांच्या लाभाची अपेक्षा. भांडवल दोन लाखांचे असेल आणि एका सौद्यात एक टक्का, म्हणजे दोन हजार रुपयेच गमावण्याची तयारी असेल, तर २५० शेअरहून अधिक विकू नयेत. किती शेअर विकायचे, हे अशा रीतीने तोट्याच्या मर्यादेवरून ठरते, उत्साहावरून नव्हे.

रोखीच्या बाजारात हाती नसलेले शेअर विकल्यास त्याच दिवशी परतखरेदी करावी लागते. लक्ष्य गाठले नाही, तरी दिवसअखेरच्या भावाला सौदा मिटवणे भाग असते. शेअरला वरचे सर्किट लागले, तर विक्रेताच मिळत नाही आणि प्रकरण लिलावात जाऊन मोठा भुर्दंड बसतो. यासाठी मोठ्या उलाढालीचे, फ्युचर्समध्ये व्यवहार होणारे शेअरच निवडावेत. त्यांना ठरावीक सर्किट नसते. फ्युचर्समधील विक्री पुढील दिवसांत नेता येते. मात्र रात्रीतून आलेल्या बातमीमुळे दुसऱ्या दिवशी भाव स्टॉपलॉसच्या वरच उघडण्याचा धोका राहतो. पुट ऑप्शनच्या खरेदीदाराचा तोटा प्रीमियमपुरता मर्यादित असतो. पण घसरण लांबली, तर तो प्रीमियम झिजत जातो.

सर्वांत घातक सवय म्हणजे तोट्यातील शेअर आणखी खाली घेऊन सरासरी कमी करणे. अल्पकालीन सौद्यात ही कृती बुडत्याचा पाय खोलात नेते. ५० टक्के घसरलेला शेअर मूळ भावाला येण्यासाठी १०० टक्के वाढावा लागतो, हे साधे गणित येथे विसरले जाते.

‘सेबी’च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये रोखीच्या बाजारात दिवसांतर्गत व्यवहार करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जणांना तोटा झाला. फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तोटा सोसणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण ९३ टक्के होते. हे आकडे पाहता घरखर्चाचे, मुलांच्या शिक्षणाचे किंवा कर्जाऊ घेतलेले पैसे अशा सौद्यांत गुंतवू नयेत. स्टॉपलॉस कोठे ठेवावा, हे स्पष्ट दिसत नसेल, तर त्या दिवशी सौदा न करणेच श्रेयस्कर. बाजार उद्याही उघडणार आहे. त्यात उतरण्यासाठी भांडवल शिल्लक असणे महत्त्वाचे.