दिवाळीची पहाट आणि घरातील मांजर

दिवाळी हा आनंदाचा सण आहे. परंतु माणूस ज्या सणाची वर्षभर वाट पाहतो, तोच सण घरातील मुक्या जिवाला भयाचा ठरू शकतो. फटाका कोण उडवतो आणि कशासाठी उडवतो, हे माणसाला ठाऊक असते. मांजराला यातले काहीच कळत नाही. त्याच्या लेखी तो आवाज म्हणजे संकट होय आणि संकटात पळणे किंवा लपणे एवढेच त्याला ठाऊक असते.

या भीतीचे एक कारण त्याच्या कानांत आहे. माणसाला एका सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. मांजराला ६०,००० हून अधिक कंपनांचेही ऐकू येतात. उंदराची बारीक चाहूल टिपण्यासाठी घडलेल्या या कानांवर फटाक्याचा आवाज अकस्मात आदळतो.

तमिळनाडूतील तंजावर शहरात हा प्रश्न विशेष रीतीने जाणवतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तेथे स्थापन केलेले मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्या काळी तेथे स्थायिक झालेल्या घराण्यांचे वंशज आजही घरात मराठी बोलतात. दुसरे सरफोजीराजे यांच्या धन्वंतरी महालात माणसांप्रमाणेच जनावरांसाठीही औषधे तयार होत असत. अशा या शहरात दिवाळीचा मुख्य दिवस म्हणजे नरक चतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नान करावे, नवी वस्त्रे ल्यावीत आणि मग फटाके उडवावेत, अशी तेथील रीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फटाक्यांसाठी दिवसातून दोनच तासांची मर्यादा घातली, तेव्हा ही रीत लक्षात घेऊन तमिळनाडू शासनाने सकाळी ६ ते ७ आणि सायंकाळी ७ ते ८ अशी वेळ ठरवून दिली. तरीही एखादा आवाज त्याआधीच कानी पडू शकतो.

खरा धोका नेमका याच वेळी असतो. पहाटे घर जागे होते. कोणी अंगणात रांगोळी काढते, कोणी पाणी तापवते आणि पुढचे दार सताड उघडे राहते. तेवढ्यात पहिला फटाका फुटतो आणि घाबरलेले मांजर त्या दारातून रस्त्यावर धाव घेते. वाट चुकणे, वाहनाखाली सापडणे, कुत्र्यांच्या तावडीत सापडणे, हे सारे त्या एका क्षणात घडू शकते. म्हणून मांजराची व्यवस्था आदल्या सायंकाळीच करावी.

रस्त्यापासून सर्वांत दूर असलेली खोली त्यासाठी निवडावी. खिडक्या लावून जाड पडदे सोडावेत. पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात घरातील वापरलेले कापड अंथरावे. ओळखीच्या वासाने मांजराला धीर येतो. जवळच पाणी व खाणे ठेवावे आणि दूरच्या कोपऱ्यात वाळूचे पसरट भांडे ठेवावे. पंखा किंवा मंद आवाजातील रेडिओ चालू ठेवल्यास बाहेरचा आवाज काहीसा झाकला जातो. खोलीचे दार लावून घ्यावे आणि घरातील सर्वांना तशी सूचना द्यावी.

मांजर कपाटाखाली जाऊन बसले, तर प्रेमापोटीही त्याला ओढून बाहेर काढू नये. लपणे हाच त्याचा धीर धरण्याचा मार्ग आहे. बाहेर काढल्यास ते ओरबाडते, चावते आणि अधिकच घाबरते. ते आपण होऊन जवळ आले, तर मात्र शांतपणे पाठीवरून हात फिरवावा. भीतीने जागा ओली केली म्हणून रागावू नये आणि त्याला बांधून तर मुळीच ठेवू नये.

माणसाचे औषध मांजराला कधीही देऊ नये. ताप-डोकेदुखीवर घेतली जाणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. दरवर्षी फार घाबरणाऱ्या मांजराविषयी दिवाळीच्या काही आठवडे आधीच पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. मांजर तोंड उघडे ठेवून धापा टाकू लागले, तर तत्काळ उपचार करावेत. दिवसभर त्याने अन्नाला तोंड लावले नाही, तरीही पशुवैद्याकडे न्यावे.

इतके करूनही मांजर निसटलेच, तर प्रथम घराच्या आसपासच शोधावे. घाबरलेले मांजर बहुधा फार दूर जात नाही. जिन्याखाली, लाकडांच्या ढिगामागे किंवा गटाराच्या कडेला ते गुपचूप बसून राहते. फटाके थांबल्यावर, रस्ता निवांत झाला की हलक्या आवाजात हाक मारावी.

एका घराच्या काळजीला शेजाऱ्यांच्या समजुतीची जोड मिळाली, तर काम अधिक सोपे होते. तमिळनाडूतच, शिवगंगा जिल्ह्यातील कोल्लुकुडिपट्टी गावाचे लोक तळ्यावर घरटी बांधणाऱ्या पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून कित्येक वर्षे दिवाळीत फटाके उडवीत नाहीत. म्हणून त्यांची दिवाळी उणी होत नाही. अख्ख्या गावाला पाखरांसाठी जे जमते, ते एका गल्लीला घरातल्या मांजरासाठी थोडेफार तरी जमण्यासारखे आहे.