बाथरूम रिनोव्हेशन: टाईल, बेसिन आणि कमोड गिऱ्हाइकाला निवडून कसं द्यायचं?

टाईल्स-सॅनिटरीच्या धंद्यात उतरायचं म्हणणाऱ्यांना मी आधी एक गोष्ट विचारतो. काउंटरला गिऱ्हाईक आलं, तर तुमचा पहिला प्रश्न काय असेल? बहुतेक जण सांगतात, "बजेट किती?" नाहीतर "कलर कुठला हवाय?" माझ्या कराडच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला आहे: "बाथरूम नवीन बांधताय, का जुनं फोडताय?"

नवीन बांधकामात पाईप तुमच्या मालाप्रमाणे टाकता येतो. जुन्या बाथरूमात पाईप आधीच बसलेला असतो, आणि माल त्याच्याप्रमाणे घ्यावा लागतो. सगळा घोळ इथेच होतो. गिऱ्हाईक फोटो दाखवून कमोड घेऊन जातं, प्लंबर बसवायला जातो, भोक जुळत नाही. एकदा सिमेंट लागलेला कमोड कंपनी परत घेत नाही आणि दुसरं गिऱ्हाईकही घेत नाही. तो तुमच्या कोपऱ्यात वर्षभर बसून राहतो. वर त्या गिऱ्हाइकाचे चार नातेवाईक तुमच्या दुकानात यायचे बंद होतात, ते वेगळंच.

सातारा-सांगली भागात हे काम वाढायला कारणही आहे. तासगावचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना, २००० साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगाव संडास बांधले गेले. २०१४ नंतर स्वच्छ भारतमध्ये आणखी झाले. तेव्हा बांधलेलं आता वीस-पंचवीस वर्षांचं झालंय. घरात तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आता साठी-पासष्टीत आलीत, गुडघे धरलेत. त्यामुळे "इंडियन काढून वेस्टर्न बसवायचंय" हे वाक्य आठवड्यातून दोन-चार वेळा तरी ऐकू येतं. म्हणून कमोडपासूनच सुरू करूया.

कमोड: आधी टेप, मग फोटो

कमोडची घाण बाहेर जायचे दोन रस्ते असतात. खाली जमिनीत गेली तर एस ट्रॅप, मागे भिंतीत गेली तर पी ट्रॅप. एस ट्रॅपमध्ये मागच्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर बघायचं. बाजारात साधारण ४ इंच, ९ इंच आणि १२ इंच अशी मापं मिळतात. हे अंतर टाईल बसवून झालेल्या भिंतीपासून मोजायचं, विटेच्या भिंतीपासून नाही. जुन्या टाईलवर नवी टाईल चिकटवणार असाल तर भिंत अर्धा-पाऊण इंच पुढे येते, आणि ९ इंचाचं माप सव्वाआठवर येतं. मग कमोडची टाकी भिंतीला टेकते आणि बूड भोकावर बसत नाही. पी ट्रॅपला भोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचं. साधारण ७ इंचांच्या आसपास असतं, आणि तेही तयार फरशीपासून.

इंडियन काढून वेस्टर्न करताना आणखी एक भानगड आहे, ती नवीन दुकानदाराला कोणी सांगत नाही. इंडियन पॅनच्या खाली वेगळा ट्रॅप असतो, त्यात वास अडवणारं पाणी साठतं. वेस्टर्न कमोडमध्ये तो ट्रॅप कमोडच्या पोटातच असतो. जुना ट्रॅप तसाच ठेवून वरनं कमोड बसवला, तर एकामागं एक दोन ट्रॅप होतात, मधे हवा अडकते आणि फ्लश नीट होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "तुमचा कमोड खराब निघाला." कमोड चांगला असतो. गवंड्यानं फोडायचा कंटाळा केलेला असतो. म्हणून मी बिल करतानाच सांगतो, जुना ट्रॅप काढून सरळ पाईप घ्या.

आता गावाकडच्या गिऱ्हाइकाला विचारायचा प्रश्न: पाणी जातं कुठे? मागे वाळवा तालुक्यातले एक काका आले होते. घरात आईसाठी वन-पीस कमोड हवा होता, मोबाईलमध्ये मॉडेल ठरवून आलेले.

"काका, खाली सेप्टिक टँक आहे का शोषखड्डा?"

"दोन खड्डे आहेत, पहिल्यापासूनचे. का ओ?"

शोषखड्ड्याच्या संडासाला जो ग्रामीण पॅन असतो, त्याचा उतार जास्त आणि ट्रॅप उथळ असतो. दीड-दोन लिटर पाण्यात तो साफ होतो. वेस्टर्नचं मोठं बटण दाबलं की ६ लिटर पाणी जातं, छोटं दाबलं तर ३. घरात सहा माणसं असली, तर त्या खड्ड्यावर रोजचं पाणी किती पटीनं वाढतं याचा हिशेब करा. काळ्या मातीत पाणी आधीच हळू मुरतं. पावसाळ्यात खड्डा तुंबणार. काकांना मी सांगितलं, आधी सेप्टिक टँकचं बघा, कमोड नंतर. त्या दिवशी विक्री झाली नाही. दोन महिन्यांनी टँक बांधून आले आणि कमोडबरोबर सगळ्या बाथरूमच्या टाईल्स घेऊन गेले. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही, पण प्रश्न विचारायचाच. म्हातारं माणूस ज्या खोलीत रोज जाणार, ती खोली तुंबली तर हाल त्याचे होतात.

म्हाताऱ्या माणसांसाठी सीटची उंची आणि बाजूला धरायचा दांडा या दोन गोष्टी डिझाईनच्या आधी. भिंतीला टांगलेला, खाली मोकळा असणारा कमोड दिसायला छान आणि पुसायला सोपा, पण त्याला भिंतीत फ्रेम आणि लपवलेली टाकी लागते. चार इंची पार्टिशनच्या भिंतीत हा खेळ करू नका.

टाईल: जी पाणी पिते आणि जी पीत नाही

टाईलमध्ये गिऱ्हाईक रंग बघतं. तुम्ही पाणी बघा. भारतीय मानक आय.एस. १५६२२ मध्ये टाईलचे गट पाणी शोषण्यावरनं पाडलेत. भिंतीची साधी सिरॅमिक टाईल १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. व्हिट्रिफाईड टाईल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. सिमेंट टाईलच्या मागच्या बारीक छिद्रांत शिरून धरतं, म्हणून गवंडी भिंतीची टाईल आधी पाण्यात भिजवतो. व्हिट्रिफाईडला छिद्रंच नाहीत, मग सिमेंट धरणार कशाला? अलीकडे सगळ्यांना भिंतीवर २ बाय ४ फुटांची मोठी व्हिट्रिफाईड टाईल हवी असते. ती नुसत्या सिमेंटच्या गिलाव्यावर लावली की काही महिन्यांनी ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, आणि एक दिवस ती सुटून खाली येते. तिला टाईल ॲडेसिव्हच लागतं. टाईलबरोबर ॲडेसिव्हच्या पिशव्या कोटेशनमध्ये घाला. "ते गवंडी बघेल" म्हणून सोडू नका. गवंडी बघत नाही.

खाली फरशीला ग्लॉसी टाईल मागणारी गिऱ्हाइकं आजही येतात. साबणाचं पाणी पडलं की तिच्यावर पाय ठरत नाही. मॅट किंवा अँटिस्किड द्या. बॉक्सवर आर १०, आर ११ असं लिहिलेलं असतं, आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. फार खरखरीत घेतली तर मळ धरते, घासणाऱ्या वहिनी तुम्हाला रोज शिव्या घालतील. घरच्या बाथरूमला आर १० पुरे.

आता हिशेब. ५ बाय ७ फुटांचं बाथरूम, ७ फुटांपर्यंत टाईल, अडीच फुटांचा दरवाजा. चारी भिंती मिळून २४ फूट, दरवाजा वजा केला की साडेएकवीस. गुणिले ७, म्हणजे सुमारे १५० स्क्वेअर फूट. तुटफूट-कटिंगचे १० टक्के धरून १६५. नवीन माणूस इथे थांबतो, बॉक्सच्या स्क्वेअर फुटांनी भागतो आणि १२ बाय १८ च्या, ६ नगांच्या १९ बॉक्सचं बिल करतो. पण मोरबीचा भिंतीचा सेट येतो तो डार्क, लाईट आणि हायलाईटर असा. म्हणून ओळीनं मोजायचं. टाईल आडवी लावली की एका ओळीला कटिंगसकट १६ नग लागतात. खाली डार्कच्या २ ओळी, म्हणजे ३२ नग, ६ बॉक्स. हायलाईटरची १ ओळ, १६ नग, ३ बॉक्स. वर लाईटच्या ४ ओळी, ६४ नग, ११ बॉक्स. झाले २०. फरक एकाच बॉक्सचा दिसतो, पण तो हायलाईटरचा कमी पडला तर काम अडतं, आणि तोच शेड परत मिळेल याची खात्री नसते. एकच डिझाईन दुसऱ्या लॉटला किंचित वेगळ्या छटेत येतं. सगळ्या बॉक्सवरचा शेड नंबर एकच आहे का, हे गाडी भरताना बघायचं, भिंतीवर लावून झाल्यावर नाही.

फरशीला १२ बाय १२ ची टाईल म्हणतो आपण, पण ती असते ३०० मिलिमीटरची, फुटापेक्षा थोडी कमी. म्हणून ३५ स्क्वेअर फुटांना ३५ नग पुरत नाहीत, कटिंग धरून ४० द्या.

जुनी फरशी फोडलीच असेल तर वॉटरप्रूफिंग करून दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायला सांगा, खालच्या छताला ओल येते का बघायला. उतार न्हाणी ट्रॅपकडे, फुटाला ३-४ मिलिमीटर. (प्लंबिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही त्याला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द आहे तो!)

बेसिन

यात फार डोकं लावू नका. छोट्या बाथरूमात भिंतीवरचं बेसिन, खाली पाईप झाकायला हाफ पेडेस्टल. वरची कड जमिनीपासून ३२-३३ इंचांवर. टेबल-टॉप हवं असेल तर बेसिनची उंची वजा करून मग कडप्प्याची उंची ठरवा, नाहीतर घरातली पोरं टाचा उंचावून हात धुतील, आणि नळ उंच बॉडीचा घ्यायला सांगा. जत, आटपाडीकडचं बोअरचं पाणी जड असतं. तिथल्या गिऱ्हाइकाला काळं मॅट बेसिन विकलं, तर पंधरा दिवसांत पांढरे डाग घेऊन तुमच्याकडे येईल. पांढरं द्या. ॲसिड टाकू नका हेही सांगा, त्यानं टाईलच्या सांध्यातलं सिमेंट खातं आणि नळाचं पॉलिश जातं. ज्यांना परवडतं त्यांना सांध्यात एपॉक्सी भरायला सांगा.

गोडाऊन कुठे घ्यायचं?

भाडं कमी म्हणून नदीकडची जागा बघणाऱ्यांसाठी हे. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी शहरात आलं. टाईल पाण्यात बुडाली तरी टाईलला काही होत नाही, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. पण पुठ्ठ्याचा बॉक्स विरघळतो. डिझाईन नंबर, शेड नंबर, साईज, सगळं बॉक्सवर छापलेलं असतं. चिखल धुतल्यावर तुमच्याकडे टाईल उरते, पण ती कुठल्या लॉटची हे सांगणारं काही उरत नाही. मग तो माल तुकडा भावानंच जातो.

म्हणून जागा उंचावर घ्या, थोडं भाडं जास्त गेलं तरी. आणि माल उतरला की प्रत्येक लॉटमधल्या एका टाईलच्या मागे पक्क्या मार्करनं शेड नंबर आणि तारीख लिहून ती टाईल दुकानात वरच्या फळीवर ठेवा. वर्षभरानं गिऱ्हाईक "दोनच टाईल्स हव्यात" म्हणून येतं, तेव्हाही हीच टाईल हातात घेऊन जुळवता येते.