संत्र्याच्या कोवळ्या पालवीवरील नागअळी

वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी व कारंजा (घाडगे) या तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. पावसाळ्यात झाडांना नवी पालवी फुटली की थोड्याच दिवसांत कोवळ्या पानांवर नागमोडी, चंदेरी रेषा उमटतात व पाने कडांनी आत वळतात. हा रोग नसून पाने पोखरणाऱ्या अळीचा उपद्रव आहे. या अळीस नागअळी असेही म्हणतात.

या किडीचा पतंग अगदी लहान व रुपेरी असून तो रात्री वावरतो. मादी कोवळ्या पानावर, बहुधा मध्यशिरेजवळ, सुटी अंडी घालते. अंड्यातून निघालेली फिकट पिवळी अळी पानाच्या पापुद्र्याखाली शिरून आतील भाग खात पुढे सरकते. चंदेरी रेषेच्या मधोमध दिसणारी काळसर ओळ ही तिची विष्ठा होय. पुढे ती पानाची कड दुमडून तेथेच कोषात जाते. उबदार हवेत एक पिढी साधारणपणे दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते.

जून झालेले पान ही अळी पोखरीत नाही. म्हणून जुन्या पानांवरील रेषा पाहून फवारणी करणे व्यर्थ होय. त्या रेषांतील अळी बहुधा केव्हाच निघून गेलेली असते; खर्च मात्र होतो आणि अळीवर जगणारे मित्रकीटक मरतात. मोठ्या झाडांना ही हानी बहुतांशी सोसते. खरा धोका रोपवाटिकेतील कलमांना व पहिल्या काही वर्षांच्या झाडांना असतो. त्यांची पाने थोडी असल्याने वाढ खुंटते. कागदी लिंबावर तर अळीने केलेल्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज शिरतात.

यास्तव पालवी फुटू लागताच आठवड्यातून दोनदा कोवळी पाने उलटून पाहावीत. रोपवाटिकेतील ग्रस्त पाने खुडून नष्ट करावीत. मोठ्या झाडांची पाने मात्र तोडू नयेत, कारण त्यांचा निरोगी भाग झाडास अन्न पुरवीतच असतो. वारंवार कोवळी पालवी देणारे पाणसोट काढावेत. नत्रखत गरजेपेक्षा अधिक देऊ नये, कारण त्याने कोवळी फूट लांबते व किडीस आयते खाद्य मिळते.

पालवी कोवळी असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी निंबोळीची ५ किलो भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. सकाळी अर्क वस्त्रगाळ करून त्यात १ लिटर पाण्यात विरघळविलेला २०० ग्रॅम साबण मिसळावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. अर्क त्याच दिवशी वापरावा. एवढ्याने उपद्रव न आवरल्यास संत्र्यावर या किडीसाठी शिफारस असलेलेच कीटकनाशक, वेष्टनावरील प्रमाणानुसार घ्यावे. फुले उमललेली असताना ते फवारू नये, मधमाश्या दगावतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पालवी फुटण्याच्या सुमारास बागाईतदारांसह बागेत जाऊन जिवंत अळी व रिकामी रेषा यांतील भेद भिंगातून दाखवावा. तो एकदा ओळखू आला म्हणजे फवारणीची वेळ चुकणार नाही.