कापडाची कळ

दिवाळी सरली कीं आमच्या बीड जिल्ह्यांतील कित्येक घरांना कुलपें लागतात, आणि कित्येक घरांत म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें एवढींच उरतात. बाकीचीं ऊसतोडीस जातात. गेल्या हिवाळ्यांत दिंद्रुड येथील अशाच एका घरीं आमचें जाणें झालें. आजीबाईंचा उजवा हात पक्षाघातानें लुळा पडलेला, डाव्यांतहि बळ बेताचें. त्यांची क्षीण हांक पलीकडच्या खोलींतील नातवाच्या कानीं जात नसे, आणि उशाशीं ठेवलेली घंटेची कठीण कळ त्यांच्या बोटांनीं दाबली जात नसे. तळहात नुसता टेकला असतां वाजेल अशी मऊ कळ कापडाचीच कां करूं नये, असा विचार आमच्या मनांत आला. ती कशी केली हें वाचकांस येथें सांगतों.

कोरडें सुती वा रेशमी वस्त्र विजेला वाट देत नाहीं. इंग्लंडांतील स्टीफन ग्रे यानें १७२९ सालीं प्रयोग केले, तेव्हां वीज नेणारी दोरी रेशमी धाग्यांनीं टांगली असतां वीज वाटेंत गळून जात नाहीं, असें त्यास आढळलें. परंतु त्याच रेशमावर धातु चढविला कीं गोष्ट पालटते. गोदावरीकांठच्या पैठणीचा पदर पाहा. अस्सल जर म्हणजे रेशमी धाग्याभोंवतीं गुंडाळलेली चांदीची चपटी तार व तिजवर सोन्याचा मुलामा. आणि चांदीइतका विजेचा सुवाहक दुसरा धातु नाहीं. रेमी पोस्ट व मॅगी ऑर्थ या अमेरिकेंतील संशोधकांनीं १९९७ सालीं कापडी कळांविषयीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांतील वस्त्रहि रेशमावर धातूचा पातळ पत्रा गुंडाळून विणलेलें होतें. हें विणकाम भारतास फार पूर्वींपासून ठाऊक आहे.

मात्र दिसतें तसें नसतें. हल्लींची पुष्कळशी जर प्लास्टिकच्या चकचकीत फितीची असते, आणि तिजवरील लुकणाचा थर विजेस अडवितो. आम्हींहि प्रथम असाच एक जुना कांठ घेऊन फसलों. म्हणून मल्टिमीटरचीं दोन टोकें जरीवर टेकवून आधीं परीक्षा करावी. जर न मिळाल्यास विजेच्या सामानाच्या जुन्या दोरींतील तांब्याच्या बारीक तारा कापडावर टांक्यांनीं बसवाव्या. पहिल्या प्रयोगास स्वयंपाकघरांतील ॲल्युमिनियमचा कागदहि चालतो, परंतु तो घड्या पडून लवकर फाटतो.

आतां कृति. तळहाताएवढे सुती कापडाचे दोन तुकडे घ्यावे. प्रत्येकाच्या आंतल्या अंगास विद्युद्वाहक कापडाची पट्टी शिवावी. दोहोंमध्यें स्पंजाचा पातळ थर घालावा, आणि त्यास रुपयाएवढीं चार-पांच भोंकें पाडावीं. हात टेकला कीं स्पंज दबतो, भोंकांतून वरची पट्टी खालच्या पट्टीस लागते व मंडल पूर्ण होतें. हात उचलला कीं तुटतें. दीड व्होल्टचे दोन सेल एकापुढें एक जोडावे, म्हणजे तीन व्होल्ट होतात. सेलांच्या एका टोकापासून तीन व्होल्टवर चालणाऱ्या बझरला, बझरपासून वरच्या पट्टीला, आणि खालच्या पट्टीपासून सेलांच्या दुसऱ्या टोकाला तार न्यावी. पट्ट्यांना तारा जोडण्यास धातूचें टिचबटण फार सोयीचें. डाग देऊं गेल्यास कापड जळतें.

आमच्या पहिल्या उशीची घंटा सारी रात्र थांबेना, आणि आजी व नातू दोघांचीहि झोंप मोडली. सकाळीं उसवून पाहिलें, तों कडेचे सुटलेले धातूचे तंतु एकमेकांस चिकटलेले! तेव्हांपासून पट्टी स्पंजाच्या कडेपासून बोटभर आंत ठेवावी, हा धडा आम्ही शिकलों. घामानें भिजलेलें कापडहि थोडी वीज वाहूं देतें. म्हणून वर निराळी कोरडी खोळ घालावी.

ज्यांस स्पर्शाचें मापहि हवें असेल, त्यांनीं स्पंजाऐवजीं वेलोस्टॅट नांवाचा काळा प्लास्टिकचा कागद घालावा. त्यांत कोळशाचे सूक्ष्म कण मिसळलेले असतात. दाब वाढला कीं कण जवळ येतात व विजेस होणारा रोध घटतो. मल्टिमीटरवर हा उतार स्पष्ट दिसतो. हाच खरा कापडी संवेदक होय.

दोन सूचना विसरूं नका. घरांतील भिंतीच्या विजेशीं या कापडाचा संबंध कधींहि आणूं नये. ती वीज प्राण घेते. आणि बटणासारखे बारीक सेल लहान मुलांच्या हातीं पडूं देऊं नयेत, कारण ते गिळल्यास जिवावर बेततें.

दुसरी उशी आम्हीं जानेवारींत दिली. कांहीं दिवसांनीं नातू सांगत आला कीं, मध्यरात्रीं घंटा वाजली, तो धांवत गेला, तर आजीला तहान लागली होती, एवढेंच. परंतु त्या एका तांब्याभर पाण्यासाठीं पूर्वीं तिला उजाडेपर्यंत वाट पाहावी लागे. विद्यार्थ्यांनो, तुमच्याहि घरीं शिवणाच्या पेटींत चिंध्या असतील, आणि जवळपास कोणी हांक मारूं न शकणारें माणूसहि असेल. सुट्टींत एक कळ शिवून पाहा.