पाठीचा कणा, पाण्यातील व्यायाम आणि नंदुरबारचे एक दशक

जानेवारी २०२५ मध्ये मुरलीकांत पेटकर यांना अर्जुन जीवनगौरव पुरस्कार मिळाला, तेव्हा १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह जिंकलेल्या सुवर्णपदकाची सर्वत्र उजळणी झाली. मात्र सांगली जिल्ह्यातील हा जवान पाण्याकडे वळला तो पदकासाठी नव्हे, तर १९६५ च्या युद्धात मणक्यात गोळी बसल्यानंतर उपचाराचा भाग म्हणून, ही बाब गौरवाच्या गर्दीत मागेच पडली. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात या विस्मरणाची झळ आजही जखमी माणसाला बसते.

या उपचाराचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी १९४४ पासून मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांना अंथरुणातून उठवून खेळाकडे नेले. १९४९ मध्ये जेम्स मॅकमिलन यांनी लंडनमध्ये अपंगांना पाण्यात तोल सांभाळायला शिकवणाऱ्या हॅलिविक पद्धतीचा पाया घातला. महाराष्ट्रात १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि १९७४ मध्ये खडकीला जायबंदी जवानांचे पुनर्वसन केंद्र उभे राहिले.

उपचारामागील तत्त्व सोपे आहे. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिल्यास शरीराचा सुमारे निम्मा आणि छातीइतक्या पाण्यात सुमारे एक तृतीयांशच भार पायांवर येतो, त्यामुळे जमिनीवर पाऊल उचलू न शकणारा रुग्ण कठड्याला धरून पाण्यात आडवी पावले टाकू शकतो. हालचालीचा वेग वाढवावा तसा पाण्याचा विरोध वाढतो आणि थांबताच तो संपतो, म्हणून स्नायूंना बळ मिळते, पण झटका बसत नाही. पाणी साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सिअस उबदार असावे लागते. मणका अस्थिर असल्यास, अंगावर उघडी जखम किंवा शय्याव्रण असल्यास रुग्णाला पाण्यात उतरवत नाहीत, आणि तुटलेला मज्जारज्जू पाण्याने सांधला जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. जुनाट कंबरदुखीबाबत मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११३ रुग्णांच्या एका चिनी चाचणीत, शेक व विद्युत उपचारांपेक्षा पाण्यातील व्यायामाचा गुण अधिक आला आणि तो वर्षभरानंतरही टिकला.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, आणि पुढची दीड दशके दवाखान्यापर्यंत पोहोचायचे कसे, या एकाच प्रश्नात गेली. खरे चित्र पालटले ते २०१४ पासून. त्या वर्षी राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, २०१६ मध्ये दिव्यांग हक्क कायदा आला, २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत येथील प्राणवायू प्रकल्पांचे देशभर कौतुक झाले. तरीही धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आमचूरसाठी कैऱ्या उतरवताना झाडावरून पडलेल्या माणसाला रस्त्यापर्यंत आणायचे ते बांबूला बांधलेल्या झोळीतून; त्या झोळीत शरीराची कमान होते, आणि जो मोडलेला मणका तसूभरही वाकता कामा नये, तोच वाट संपेपर्यंत वाकलेला राहतो. पुढे शस्त्रक्रिया होते, स्क्रू आणि सळ्यांनी मणका स्थिर केला जातो, रुग्ण लवकर घरी जातो, आणि उपचार तिथेच संपला असे मानले जाते. शस्त्रक्रियेनंतर धीराने करून घ्यायचे व्यायाम या घाईत राहून जातात, ही या दशकाची मोठी उणीव होय. वाढलेल्या खाटांचा आणि इमारतींचा हिशेब मांडला गेला. पण घरी परतलेला माणूस पुन्हा उभा राहिला की नाही, हे विचारण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही.

शहादा तालुक्यातील उनपदेवच्या उष्ण झऱ्यावर दुखण्याला उतार पडेल या श्रद्धेने लोक स्नानाला जातात. उबेने ताठरलेले स्नायू सैलावतात हे खरे असले, तरी जाणकाराच्या देखरेखीखाली ठरावीक हालचाली करून घेतल्याशिवाय स्नानाचा व्यायामोपचार होत नाही. उत्तरेला नर्मदा आणि मध्यातून तापी वाहणाऱ्या या जिल्ह्यात उणीव पाण्याची नसून ते उपचाराला लावणाऱ्या इच्छाशक्तीची आहे. प्राणवायूच्या प्रसंगी ती इच्छाशक्ती दिसली होती. उतरती वाट, कठडे आणि उबदार पाणी असलेला एक हौद व तो चालवणारे प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयाला मिळावेत, यासाठी लोकप्रतिनिधींनी जिल्हा वार्षिक योजनेत तरतूद करून घ्यावी. पेटकरांच्या गौरवाला त्यानेच अर्थ येईल.